सर्वसाधारण सभेच्या आधी डिजिटल साऊंडची तयारी कशी करायची

सप्टेंबर आला की कोल्हापुरात साऊंडवाल्यांना गणपतीसोबत अजून एक सीझन असतोय, तो म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा. पतसंस्था, दूध संस्था, विकास सोसायट्या, बँका, सगळ्यांना ३० सप्टेंबरच्या आत सभा घ्यायची असते, आणि आता बऱ्याच ठिकाणी पुण्या-मुंबईत असलेले सभासद झूमवर पण येतात. त्यामुळं नुसते दोन स्पीकर आणि एक मिक्सर नेऊन भागत नाही. गेली काही वर्षं मी ह्या सभा आणि एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या कॉन्फरन्स रूम दोन्ही करतोय, त्यातनं जी यादी डोक्यात तयार झालीय ती इथं सलग लिहितोय, नवीन पोरांना उपयोग होईल.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, सभेचा साऊंड म्हणजे व्यासपीठाचा साऊंड नाही. एका संस्थेच्या सभेत माझ्याकडनं चूक झाली होती. व्यासपीठाचे सगळे माईक माझ्या डेस्कवर, म्हणजे डिजिटल मिक्सरवर होते, पण सभासदांसाठीचा कॉर्डलेस हॉलच्या स्वतःच्या जुन्या अँपला लावलेला होता, हॉलमध्ये आवाज मस्त येत होता म्हणून मी काही हलवलं नाही. पंधरा दिवसांनी इतिवृत्त लिहायला बसलेल्या सचिवांचा फोन आला की रेकॉर्डिंगमध्ये अध्यक्षांची उत्तरं आहेत, प्रश्नच नाहीत. ठेवीबद्दल एक म्हातारे मामा पाच मिनिटं तळमळून बोलले होते आणि रेकॉर्डिंगमध्ये तिथं पाच मिनिटं नुसती शांतता. झूमवरच्या लोकांना पण त्यांचं एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. ते मला अजून टोचतंय. म्हणून माझ्या यादीत सभासदांचा माईक पहिल्या नंबरवर, अध्यक्षांचा दुसऱ्या.

डेस्कची बॅग उघडायच्या आधी कागद घ्या. आडवा धरा, डाव्या बाजूला खाली-खाली लिहा की आवाज कुठनं कुठनं येणार, म्हणजे पोडियम, संचालकांचे गूजनेक (टेबलावरचे वाकणाऱ्या मानेचे माईक) किती, सभासदांचे दोन कॉर्डलेस, स्टँडवरचे दोन वायरवाले, श्रद्धांजली आणि राष्ट्रगीत वाजवायचा लॅपटॉप, आणि झूमवरनं येणारा आवाज. वरच्या बाजूला लिहा आवाज कुठं कुठं जाणार, म्हणजे हॉलचे मेन स्पीकर, मागचे स्पीकर, व्यासपीठाचा मॉनिटर, बाहेरचा मंडप, झूम, रेकॉर्डिंग, आणि लोकल चॅनलवाले येणार असतील तर त्यांच्यासाठी एक लाईन. मग चौकोनाचौकोनात टिक करत जा. डिजिटल डेस्कमध्ये रूटिंग म्हणजे शेवटी हाच कागद असतोय, बस (काही आवाज एकत्र करून एकीकडं पाठवायची वाट) आणि मॅट्रिक्स (तयार मिक्स पुढं वाटायची सोय) हे शब्द ऐकून घाबरायचं काही कारण नाही, कागदावर टिक बरोबर असली की डेस्कवर ती करायला पंधरा मिनिटं लागतात. कागद न करता थेट डेस्कवर बसलात तर सभेच्या मध्यात कुठला ऑक्स, म्हणजे डेस्कमधनं बाहेर जाणारा वेगळा मिक्स, कशाला दिलाय हे शोधत बसायची वेळ येते.

ह्या कागदावर एक चौकोन मात्र कायम रिकामा राहिला पाहिजे, झूमवरनं येणारा आवाज परत झूमकडं जाता कामा नये. तो गेला की पुण्यातनं बोलणाऱ्याला स्वतःचाच आवाज थोड्या वेळानं ऐकू येतोय आणि माणूस अडखळायला लागतोय, दोन वाक्यांत गप्पच होतोय. ह्याला मिक्स-मायनस म्हणतात, मेन मिक्सची कॉपी झूमला द्यायची नाही, त्याच्यासाठी वेगळा बस घ्यायचा आणि त्यात झूम सोडून सगळं टाकायचं. हा बस पोस्ट-फेडर ठेवा, म्हणजे फेडरच्या (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणाच्या) नंतरचा आवाज त्यात जाईल, कारण प्री-फेडर ठेवलात तर हॉलमध्ये तुम्ही फेडर खाली केला तरी संचालकांची आपापसातली कुजबुज झूमवर जात राहते, आणि सभेच्या दिवशी ती कुजबुज बाहेर जाणं किती महागात पडेल ते मी सांगायला नको.

आता इथं बरेच जण फसतात. मिक्स-मायनस केला तरी इको येतोय, मग म्हणतात डेस्क खराब आहे. डेस्क बरोबर असतंय. झूमवरचा माणूस हॉलच्या स्पीकरमधनं बोलतोय, तो आवाज हवेतनं फिरून व्यासपीठाच्या माईकमध्ये शिरतोय आणि तिथनं परत जातोय, त्याला रूटिंग काही करू शकत नाही, तिथं इको कॅन्सलेशनच लागतंय. कंपनीच्या कायमच्या कॉन्फरन्स रूममध्ये बायाम्प टेसिरा किंवा क्यू-सिस सारखा डीएसपी, म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणारा डबा असतोय, तो हे काम करतो, पण त्याला रेफरन्स म्हणून नेमका झूमवरनं आलेला आवाज द्यावा लागतो, आणि कॅन्सलेशन प्रत्येक माईकवर वेगळं, ऑटोमिक्सच्या आधी लावलेलं बरं. तात्पुरत्या हॉलमध्ये डीएसपी नसेल तर लॅपटॉपमधल्या झूमचं स्वतःचं इको कॅन्सलेशन चालू ठेवा, ओरिजिनल साऊंडचं बटण चुकून चालू राहिलेलं नाही ना ते बघा. दोन्हीकडं एकाच वेळी चालू ठेवू नका, एकमेकांशी भांडतात आणि आवाज पाण्याखालनं आल्यासारखा होतोय.

व्यासपीठावर आठ-दहा गूजनेक असतील तर सगळे उघडे ठेवून बसायचं नाही. उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टीच्या आधीची तुमची जागा ३ डीबीनं कमी होते, म्हणजे एकाचे आठ झाले तर ९ डीबी गेले. मग आवाज वाढवला की शिट्टी, कमी केला की मागनं "ऐकू येत नाही ओ" अशी आरडाओरड. ह्यासाठी ऑटोमिक्स वापरा. अमेरिकेतले साऊंड इंजिनिअर डॅन डुगन ह्यांनी ही पद्धत शोधली, जो बोलतोय त्याचा माईक वर, बाकीचे आपोआप खाली, आणि सगळ्यांचा मिळून गेन एका उघड्या माईकएवढाच राहतो. यामाहाच्या सीएल आणि क्यूएल डेस्कमध्ये डुगनचं ऑटोमिक्स आहे. बेहरिंजर एक्स-३२ मध्ये फर्मवेअर नवं असेल तर ऑटोमिक्स पहिल्या आठ चॅनलवरच मिळतंय, म्हणून पॅच करतानाच (कुठला माईक कुठल्या चॅनलला ते जोडतानाच) गूजनेक १ ते ८ वर आणि कॉर्डलेस त्याच्या पुढं असं ठेवा, नंतर बदलायला गेलं की सगळा कागद उलटापालटा होतो. गूजनेकला ४८ व्होल्ट फँटम, म्हणजे माईकच्या वायरीतनंच जाणारी वीज लागतंय हे लक्षात ठेवा, आणि फँटम देताना किंवा काढताना तो चॅनल म्यूट, नाहीतर स्पीकरमधनं असा ठोका बसतोय की पहिल्या रांगेतली माणसं दचकतात.

सभासदांच्या कॉर्डलेससाठी दोन पोरं नेमा आणि त्यांना आधी अर्धा तास द्या. माईक तोंडाजवळ, जाळी मुठीत धरायची नाही, स्पीकरच्या समोर जाऊन उभं राहायचं नाही. म्यूट तुमच्या डेस्कवर करा, माईकच्या बटणावर नको, बटण कुणी बंद केलं की प्रश्न विचारणाऱ्याला वाटतं मुद्दाम आवाज बंद केला, आणि तापलेल्या सभेत तेवढं कारण पुरतंय. ऐनवेळी कॉर्डलेसचा सिग्नल तुटला तर वायरवाला स्टँड खुर्च्यांमधल्या वाटेत तयार असलाच पाहिजे. सेल नवीन, दुपारी जेवणाच्या सुट्टीत परत नवीन, अर्धे वापरलेले सेल घरच्या घड्याळाला लावा.

हॉलचं आधी जाऊन बघा, फोनवर विचारून नको. आपल्याकडं बऱ्याच सभा मंगल कार्यालयात होतात, खाली फरशी, वर पत्रा, आणि सप्टेंबरात पाऊस पडला की पत्र्याचा आवाज सगळ्याच्या वर जातोय. तो ईक्यूनं जात नाही, कितीही बटणं फिरवा. त्यावर एकच उपाय, समोरचे दोन स्पीकर जोरात वाजवण्यापेक्षा मधे अजून दोन लावून माणसाच्या जवळनं कमी आवाजात ऐकवा. मधल्या स्पीकरला डिले द्यायला, म्हणजे त्याचा आवाज थोडा उशिरा सोडायला विसरू नका, आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातोय, म्हणजे १५ मीटरवरच्या स्पीकरला ४४ मिलिसेकंद, वर अजून पाचेक वाढवलं की आवाज व्यासपीठाकडनंच आल्यासारखा वाटतोय. डिले नसेल तर मागच्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतोय आणि मराठीतली जोडाक्षरं तर पूर्ण चिखल होतात.

नेटवर्कचं थोडक्यात. स्टेजबॉक्स (स्टेजवरचे माईक जोडून डेस्ककडं नेणारा डबा) एईएस-५० ह्या डिजिटल जोडणीवर असेल तर मधे कुठलाही स्विच घालायचा नाही, ते इथरनेट नाहीच, नुसती वायर तशी दिसते. शिल्डेड कॅट-५ई, धातूच्या कनेक्टरची, आणि एक स्पेअर गुंडाळलेली शेजारी ठेवलेली. डान्टे, म्हणजे साध्या नेटवर्कवरनं आवाज नेणारी पद्धत असेल तर गिगाबिट स्विच चालतोय, पण त्यातलं वीज वाचवणारं ग्रीन इथरनेट बंद, वायफायवर डान्टे न्यायचा नाही, तांब्याच्या एका वायरची लांबी १०० मीटरच्या आत, सगळी उपकरणं ४८ किलोहर्ट्झवर, आणि क्लॉकचा लीडर, म्हणजे सगळ्यांना वेळ जुळवून देणारं उपकरण कोण आहे ते लॅपटॉपवरच्या डान्टे कंट्रोलरमध्ये बघून घ्या. पॅच एकदा केला की उपकरणांच्या लक्षात राहतोय, तो लॅपटॉप काढला तरी चालतंय. गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या कंपनीत काम असेल तर तिथल्या आयटीवाल्यांना आठवडाभर आधी फोन करा आणि ऑडिओसाठी वेगळा व्हीलॅन, म्हणजे त्याच नेटवर्कमधला स्वतंत्र भाग मागा, सभेच्या सकाळी मागितला तर मिळत नाही आणि त्यांचंही काही चुकत नाही.

लाईटचं मात्र सावकाश बघा. ॲनालॉग डेस्क लाईट परत आली की लगेच बोलायला लागतंय, डिजिटल डेस्क आधी बूट होतंय, आणि तेवढ्या वेळात सभेत काहीही होऊ शकतं. म्हणून डेस्क, स्टेजबॉक्स, स्विच, झूमचा लॅपटॉप आणि राऊटर एवढं सगळं यूपीएसवर, अँप जनरेटरवर गेले तरी चालतील. डेस्क, स्टेज आणि प्रोजेक्टर एकाच फेजवर घ्या, डेकोरेशनवाल्यांच्या लाईटी दुसऱ्यावर. मीटरनं न्यूट्रल आणि अर्थमध्ये बघा, दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर वायरमनला बोलवा. लॅपटॉपचा चार्जर लावल्यावर हमिंग आलं तर डीआय बॉक्स किंवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. अर्थची पिन कापून हमिंग घालवणारे लोक मी बघितलेत, तसलं करू नका, माईक धरणाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे तो. आणि वायरी टाकताना बाहेर पडायचे दरवाजे मोकळे ठेवा. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री शाहू महाराजांनी उभारलेलं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, त्या स्टेजवर काम केलेला माणूस ती रात्र विसरत नाही, तेव्हापासनं मी हॉलमध्ये शिरलो की आधी दरवाजे आणि बोर्ड बघतो, मग स्टेज.

आदल्या दिवशी सगळं जोडून एका मित्राला राजारामपुरीतनं मोबाईल डेटावर झूमला घ्या, हॉलच्या वायफायवर बसलेला माणूस टेस्टला उपयोगाचा नाही. प्रत्येक माईकवर तुम्ही स्वतः जाऊन बोला, सगळ्यात मागच्या खुर्चीवरनं पण, आणि त्याला विचारा काय ऐकू आलं, नुसतं "येतंय" नको, वाक्य परत म्हणून दाखवायला लावा. मग सीन, म्हणजे डेस्कची सगळी सेटिंग सेव्ह करा, डेस्कमध्ये एक आणि पेनड्राईव्हवर एक. रेकॉर्डिंग दोन ठिकाणी घ्या, एक डेस्कवर, एक वेगळ्या रेकॉर्डरवर, आणि सुरू झाल्यावर पाच मिनिटांनी हेडफोन लावून ऐका की सभासदांचा माईक त्यात उमटतोय का.

सभा संपली, चहा सुरू झाला की लगेच वायरी गुंडाळायला घेऊ नका. आधी रेकॉर्डिंग सचिवांच्या पेनड्राईव्हवर कॉपी करा, त्यांच्यासमोर उघडा, मधला एखादा सभासदाचा प्रश्न शोधून वाजवून दाखवा. त्यांनी ऐकला आणि मान हलवली की मग अँप बंद, त्याच्यानंतर डेस्क.