ऊसतोडीला जाताना पोरांची शाळा सुटू नये म्हणून काय करायचं

दसरा-दिवाळी झाली की आमच्या बीड, पाथर्डी भागात टोळ्या निघतात आणि वर्ग निम्मा रिकामा होतो. पण पोरगं खरं सुटतं ते मार्च-एप्रिलला परत आल्यावर, पाच महिने बुडालेले, सोबतची पोरं कुठल्या कुठं पुढं गेलेली, मग लाजून ते शाळेकडं फिरकतच नाही.

म्हणून ऑगस्टपासूनच मागं लागा. मुकादमाची (तोडीला मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली की लगेच आजीला विचारा, पोरं सांभाळशील का. ती हो म्हणाली तर हेडमास्तरांना गाठून हंगामी वसतिगृहाचं (आईबाप तोडीला गेल्यावर मागं राहिलेल्या पोरांची गावातच होणारी सोय) बोला, यादीत नाव आपल्या डोळ्यानं बघा, नुसतं "घेतलंय" म्हटल्यावर घरी येऊ नका (आमच्या वाडीतली तीन नावं एकदा अशीच राहिली).

मोठ्या पोरीचं तर जास्तच बघा. धाकटं सांभाळायला, कोपीवर (उसाच्या फडाजवळच्या झोपडीवर) भाकरी थापायला तिलाच नेतात, आणि सातवी-आठवीतली पोरगी फडावर गेली की पुढच्या हंगामाआधी लग्नाचं बोलणं निघतं, कारण नवरा-बायको मिळून एक कोयता आणि उचलही कोयत्यावरच मिळते. कितीही पटवा, हे गणित मोडणं सगळ्यात अवघड.

न्यावंच लागलं तर निघायच्या आधी शाळेतनं शिक्षण हमी पत्रक (पोरगं कितवीत, कुठवर शिकलंय ते लिहिलेला कागद) मागून घ्या आणि कारखान्याजवळच्या झेडपी शाळेत दाखवा. दाखला नाही, वर्ष अर्धं झालंय असं कोणी म्हणालं तर शांतपणे सांगायचं की 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात 6 ते 14 वर्षांच्या पोराला या कारणावरून परत पाठवता येत नाही. गाडी सेंटरवाले (बैलगाडीनं ऊस वाहणारे) कारखान्याजवळ एकाच तळावर असतात त्यांचं बऱ्यापैकी जमतं, डोकी सेंटरवाल्यांच्या (डोक्यावर मोळ्या वाहून गाडी भरणाऱ्यांच्या) कोप्या मात्र फडामागं सारख्या हलतात, तिथं मुकादमालाच आधी विचारा की जास्त दिवस मुक्काम कुठं. बेळगावकडं जाणार असाल तर शाळा कानडी निघू शकते, निपाणी-खानापूर पट्ट्यात मराठी शाळा आहेत, चौकशी करून ठेवा.

परत आलात की सामान सोडायच्या आधी नाही म्हणत, पण दुसऱ्या दिवशी पोराला घेऊन स्वतः शाळेत जा. त्याला वयाच्याच वर्गात बसवायचं आणि राहिलेलं वेगळं शिकवायचं हेही त्याच कायद्यात आहे. खालच्या वर्गात बसवतो म्हणाले तर ऐकू नका, बारीक पोरांत बसवलेलं मोठं पोरगं आठवड्यात घरी येतं.