सिझेरियननंतर नॉर्मल बाळंतपण हवे आहे? मग या चुका टाळा

इंदूरच्या मराठी घरांत पहिले बाळंतपण पुष्कळदा माहेरी, पुण्याला किंवा नागपूरला होते आणि दुसरे इथेच. त्यामुळे पहिल्या सिझेरियनचे कागद माहेरच्या कपाटात राहतात आणि इथल्या डॉक्टरांपुढे उरतो तो पोटावरचा व्रण. ही सर्वांत महागात पडणारी चूक. पोटावरचा छेद आडवा असला तरी गर्भाशयावरचा उभा असू शकतो, आणि निर्णय या दुसऱ्या छेदावर अवलंबून असतो. तो खालच्या भागात आडवा असेल, तर प्रयत्न करणाऱ्या 100 पैकी साधारण 60 ते 80 जणींना नॉर्मल प्रसूती साधते. उभा असेल किंवा गर्भाशय पूर्वी फाटलेले असेल, तर हा प्रयत्न करू नये. कार्डावर ‘एलएससीएस’ लिहिलेले असले, म्हणजे छेद खालच्या भागात असला, तरी तो ऐनवेळी वाढवावा लागला होता का, हे ऑपरेशनच्या टिपणातच सापडते. ते टिपण तिसऱ्या महिन्यातच मागवा.

दुसरी चूक म्हणजे नवव्या महिन्यात “नॉर्मल कराल ना?” असे विचारणे आणि “बघू” या उत्तराला होकार समजणे. त्याऐवजी रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ रुग्णालयात असतात की घरून येतात, शस्त्रक्रिया किती मिनिटांत सुरू होऊ शकते आणि रक्ताची सोय काय, हे विचारा. आपोआप सुरू झालेल्या कळांत गर्भाशयावरचा जुना टाका उसवण्याचा धोका सुमारे 200 त एक असतो; पण तो उसवला, तर मिनिटे मोजावी लागतात. त्यामुळे सोय नसल्याने सरळ नाही म्हणणारे लहान प्रसूतिगृह मला जास्त प्रामाणिक वाटते.

“एकदा सिझर, की कायम सिझर” असे सांगणाऱ्या नातेवाइकांशी वाद घालत बसू नका. हे वाक्य न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ एडविन क्रेगिन यांनी 1916 साली लिहिले, तेव्हा गर्भाशयावर उभा छेद घेण्याची पद्धत होती.

तारीख उलटली म्हणून घरी एरंडेल पाजू नये. रुग्णालयातही औषधाने कळा आणल्यास टाका उसवण्याचा धोका दोन-तीन पटींनी वाढतो, आणि मिसोप्रोस्टॉल हे कळा आणणारे औषध तर अशा वेळी वापरतच नाहीत. कोणते औषध देणार, हे आधीच विचारून ठेवा. दोन प्रसूतींत दीड वर्षाहून कमी अंतर असेल, तर तेही डॉक्टरांना मुद्दाम सांगा.

कळा सुरू झाल्यावर घरी थांबून राहू नका. (तारीख अनंत चतुर्दशीच्या आसपास असेल, तर राजवाड्याकडचे रस्ते सजवलेल्या झांक्यांच्या मिरवणुकीमुळे रात्रभर बंद असतात, हे ध्यानात ठेवून दुसरा रस्ता ठरवा.) दोन कळांच्या मधेही न थांबणारे दुखणे “टाके ओढतात” म्हणून सोडून देऊ नका, लगेच सांगा. बाळाचे ठोके मोजणारा पोटावरचा पट्टा अडचणीचा वाटतो खरा, पण तो काढा म्हणून हट्ट धरू नका. टाका उसवत असल्याची पहिली खूण बहुतेक वेळा त्या ठोक्यांतच दिसते.