मुंबईच्या उंच पंचतारांकित हॉटेलात मुक्काम करताना : गावाकडून जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

मुंबईला काम निघाले की आपल्या वऱ्हाडातील माणूस पूर्वी आमदार निवासात ओळखीने जागा शोधत असे, नाहीतर डोंबिवली-कल्याणच्या नातेवाइकाकडे पथारी टाकत असे. आता शेतकरी उत्पादक कंपनीचे संचालक, बचत गटांच्या प्रतिनिधी किंवा एखाद्या परिषदेत बोलावलेले कापूस-सोयाबीन उत्पादक यांना निमंत्रणासोबतच वांद्रे-कुर्ला संकुलातील किंवा नरिमन पॉइंटवरील उंच हॉटेलाचे बुकिंग येते. नाबार्डचे मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे आणि मंत्रालय नरिमन पॉइंटला लागून आहे. त्यामुळे या दोन्ही ठिकाणी आपल्या लोकांचे जाणे वाढतच राहणार. अशा हॉटेलात वावरणे अवघड नाही, पण तेथील व्यवहार वऱ्हाडी पाहुणचाराच्या नेमका उलट चालतो. आपल्याकडे पाहुण्याने तोंडाने काही मागणे बरे दिसत नाही, यजमानच आग्रहाने वाढतो. तेथे विचारणाऱ्याला पुष्कळ गोष्टी विनामूल्य मिळतात आणि संकोचाने न विचारता घेतलेली वस्तू बिलात चढते.

बुकिंग हाती आल्यावर

बुकिंगच्या कागदावर खोलीच्या भाड्याशेजारी दोन-तीन इंग्रजी अक्षरे असतात आणि ती वाचल्याशिवाय निघू नये. ईपी म्हणजे फक्त खोली, सीपी म्हणजे खोली आणि सकाळचा नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक वेळचे जेवण, तर एपी म्हणजे सर्व जेवणे धरून. आयोजक खर्च करणार असले तरी ‘सर्व व्यवस्था आमची’ या मोघम आश्वासनावर विसंबू नये. भाडे, नाश्ता, रात्रीचे जेवण, कपडे धुणे आणि स्थानकावरून येण्याजाण्याची गाडी यांपैकी नेमके काय त्यांच्याकडे आहे, हे व्हॉट्सॲपवर का होईना, पण लेखी मागून घ्यावे. दोन संचालक एका खोलीत राहणार असतील तर ‘ट्विन’ म्हणजे दोन स्वतंत्र पलंगांची खोली सांगावी, कारण ‘डबल’ म्हटले की एकच मोठा पलंग मिळतो आणि रात्री अकराला तो बदलून मिळण्याची खात्री नसते. बुकिंगमधील नाव आधार कार्डावरील नावाशी जुळते की नाही, हेही याच वेळी पाहावे. आपल्याकडे एकाच माणसाचे सातबाऱ्यावर एक, आधारवर दुसरे आणि बँकेत तिसरे नाव असणे नवलाचे नाही, आणि रिसेप्शनवर त्यातूनच खोळंबा होतो.

खर्च स्वतःच्या संस्थेचा असेल तर वस्तू व सेवा कराचे गणित समजून घेण्यासारखे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवर ५ टक्के आणि त्याहून अधिक भाड्यावर १८ टक्के कर लागतो. म्हणजे ७,४०० रुपयांची खोली करासह ७,७७० रुपयांना पडते, तर ७,६०० रुपयांची ८,९६८ रुपयांना. भाड्यातील फरक दोनशे रुपयांचा असला तरी खिशातून सुमारे बाराशे रुपये जास्त जातात. मोठ्या हॉटेलांत भाडे बहुधा या मर्यादेच्या वरच असते. मात्र उत्पादक कंपनी जीएसटीखाली (वस्तू व सेवा कराखाली) नोंदणीकृत असून तिचा व्यवसाय करपात्र असेल, तर १८ टक्क्यांच्या खोलीवरील कराची वजावट मिळू शकते, आणि हॉटेल आणि कंपनीची नोंदणी दोन्ही महाराष्ट्रातच असल्याने परराज्यातील हॉटेलच्या कराची वजावट मिळत नाही, ती अडचण येथे येत नाही; त्यासाठी कंपनीचा जीएसटी क्रमांक खोली घेतानाच द्यावा लागतो. जेवणावरील कराची वजावट मात्र मिळत नाही. व्यापारी भागातील हॉटेलांचे दर सोमवार ते गुरुवार चढे आणि शनिवार-रविवारी बरेचदा उतरलेले असतात, त्यामुळे तारीख आपल्या हाती असेल तर आठवड्याचा शेवट गाठणे शहाणपणाचे.

पोहोचणे आणि दुपारपर्यंतचा वेळ

विदर्भ एक्सप्रेस किंवा अमरावती एक्सप्रेस सकाळी मुंबईत पोहोचवते, आणि हॉटेलची खोली मात्र दुपारी दोन किंवा तीन वाजता ताब्यात मिळते. गावाकडून जाणाऱ्याची सर्वांत मोठी गैरसोय येथेच होते आणि तिचा उपाय सोपा असूनही फारसा कोणी करत नाही. आदल्या दिवशी हॉटेलला फोन करून गाडीची वेळ सांगावी आणि लवकर खोली मिळेल का, त्याचे वेगळे पैसे पडतील का, हे विचारावे. खोली रिकामी असेल तर पुष्कळदा ती विनाशुल्कही मिळते. नाहीच मिळाली तर सामान बेल डेस्कवर, म्हणजे पाहुण्यांचे सामान सांभाळणाऱ्यांच्या टेबलाशी, ठेवून पावती किंवा टोकन घ्यावे आणि तोंड धुण्यासाठी, कपडे बदलण्यासाठी जागा मागावी. बहुतेक हॉटेलांत व्यायामशाळेशेजारी स्नानगृह असते आणि सभ्यपणे विचारल्यास ते वापरू देतात. प्रवासाने मळलेल्या कपड्यांत बैठकीला जाण्यापेक्षा हे विचारणे केव्हाही बरे. फोनवर मराठीतच बोलावे. समोरच्याला अडचण आली तर तोच मराठी बोलणारा सहकारी शोधून देतो.

नरिमन पॉइंटला जायचे असेल तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत जाऊन टॅक्सी करावी किंवा भुयारी मेट्रोने विधान भवन स्थानक गाठावे. हीच मेट्रो, म्हणजे तिसरी मार्गिका, वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंतही जाते. लोअर परळ, वरळी किंवा वांद्रे-कुर्ला संकुलाकडे टॅक्सीने जाणाऱ्याने दादरलाच उतरावे. दादरला रिक्षा शोधण्यात मात्र वेळ घालवू नये, कारण माहीम आणि शीवच्या दक्षिणेला मुंबईत रिक्षा चालतच नाहीत.

समृद्धी महामार्गाने स्वतःच्या किंवा भाड्याच्या गाडीने जाणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. ७०१ किलोमीटरचा हा मार्ग ५ जून २०२५ पासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण खुला आहे, पण आमणेनंतर भिवंडी-ठाण्याची गर्दी लागते आणि तेथे किती वेळ जाईल याचा हिशेब कोणी देऊ शकत नाही. चालक सोबत असेल तर त्याच्या झोपण्याची आणि जेवणाची सोय हॉटेलात आहे का, हे आधीच विचारावे. रात्रभर गाडी चालवलेल्या माणसाला तळघरातील पार्किंगमध्ये सीटवर झोपायला लावून स्वतः पंचविसाव्या मजल्यावर जाणे मला तरी शोभत नाही, आणि परतीच्या प्रवासात ते धोक्याचेही आहे.

दारातील तपासणी आणि रिसेप्शन

नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मुंबईतील मोठ्या हॉटेलांनी प्रवेशद्वारावर कडक तपासणी सुरू केली. गाडीखाली आरसा फिरवतात, डिकी उघडायला लावतात, सामान क्ष-किरण यंत्रातून जाते. पिशवीत अडकित्ता, कांदा कापायची सुरी किंवा कापसाच्या नमुन्यासोबत ठेवलेली कात्री असेल तर ती वरच काढून दाखवावी. आधीच सांगितले तर चौकशी थोडक्यात आटोपते. खर्रा खाणाऱ्यांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी, की या इमारतीत थुंकायला जागा नसते आणि खोलीतील पांढरे टॉवेल, गालिचा किंवा बेसिन डागाळल्यास त्याची भरपाई बिलात लावली जाऊ शकते. धूम्रपान न करण्याच्या खोलीत विडी-सिगारेट ओढल्यासही वेगळी रक्कम आकारतात, आणि धूर ओळखणारे यंत्र छतावर असतेच.

रिसेप्शनवर मुक्कामी येणाऱ्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे छायाचित्र आणि पत्ता असलेले ओळखपत्र मागतात. पॅन कार्डावर पत्ता नसल्याने ते सहसा चालत नाही. आधार, मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना न्यावा. आधारचे शेवटचे चारच आकडे दिसणारी झाकलेली प्रत आधार देणाऱ्या यूआयडीएआय या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून काढता येते आणि फोटोप्रत देताना तीच द्यावी.

यानंतर अनामत रकमेचा विषय निघतो, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त गैरसमज याच टप्प्यावर होतात. भाडे आयोजकांनी आधीच भरलेले असले तरी इतर खर्चापोटी हॉटेल काही हजार रुपये राखून ठेवते. क्रेडिट कार्डावर ती रक्कम केवळ अडवली जाते आणि नंतर सुटते. डेबिट कार्डावर मात्र ती आपल्या खात्यातून प्रत्यक्ष बाजूला पडते आणि परत यायला काही दिवस लागू शकतात. ज्या खात्यातून पीक कर्जाचा हप्ता किंवा मजुरी द्यायची आहे, त्या खात्याचे कार्ड तेथे देऊ नये. किती रक्कम राखली आणि ती कधी सुटेल, हे विचारून त्याची चिठ्ठी ठेवावी. आयोजकांनी सर्व खर्च मान्य केला असेल तर तसे त्यांचे पत्र दाखवून अनामत माफ करून घेता येते.

लिफ्ट, खोली आणि स्नानगृह

खोलीची चावी म्हणजे एक प्लास्टिकचे कार्ड असते. लिफ्टमध्ये शिरल्यावर आधी ते काळ्या चौकोनाला टेकवायचे आणि मग मजल्याचे बटण दाबायचे. कार्ड न टेकवता कितीही वेळा बटण दाबले तरी दिवा लागत नाही. काही नव्या इमारतींत लिफ्टच्या आत बटणेच नसतात. तेथे बाहेरच्या पडद्यावर मजला निवडला की ‘ए’, ‘सी’ असे अक्षर उमटते आणि त्याच अक्षराच्या लिफ्टसमोर उभे राहावे लागते. वेगाने वर जाताना कानात दडा बसल्यासारखे वाटते, तेव्हा आवंढा गिळला की मोकळे होते. हे कार्ड मोबाइलला चिकटवून ठेवू नये, कारण काही कार्डे त्याने निकामी होतात. झाले तर रिसेप्शनवर दोन मिनिटांत नवे मिळते. खोलीत शिरल्यावर दाराजवळच्या खाचेत कार्ड घातल्याशिवाय दिवे आणि वातानुकूलन सुरू होत नाही.

स्नानगृहात न्हाणीतील बादली-तांब्या नसतात, आणि ज्यांना फवाऱ्याखाली आंघोळ जमत नाही त्यांनी फोन करून ते खुशाल मागावेत. पुष्कळ हॉटेलांत मिळतात. नळाची दांडी एकच असते. ती उचलली की पाणी येते, डावीकडे वळवली की गरम आणि उजवीकडे वळवली की थंड. पाणी क्षणात कढत होत असल्याने फवाऱ्याखाली उभे राहण्याआधी दांडी बाजूने उघडून हाताने अंदाज घ्यावा, विशेषतः सोबत वृद्ध आई-वडील असतील तर. अनेक हॉटेलांत खोली आणि स्नानगृह यांच्यामधली भिंत आरपार काचेची असते. ही कल्पना कोणाला सुचली हे देव जाणे, पण आतल्या बाजूला पडदा सोडण्याचे बटण असते आणि दोन सहकारी एका खोलीत राहत असतील तर ते आधी शोधावे.

टेबलावरील पाण्याच्या दोन बाटल्या आणि चहा-कॉफीच्या पुड्या बहुधा विनामूल्य असतात. छोट्या फ्रिजमधील शीतपेये, शेंगदाणे, काजू यांना पैसे पडतात, आणि काही फ्रिजमध्ये वस्तू उचलताच तिची नोंद होते, म्हणून नुसते पाहण्यासाठीही हात लावू नये. आणखी पाणी, जादा उशी, दाढीचे सामान, इस्त्री, शिवणाचा दोरा या गोष्टी फोनवर मागितल्या की सहसा पैसे न घेता येतात. कपडे धुण्याचा दर मात्र नगावर असतो. कपाटातील दरपत्रक वाचल्यावर शर्ट स्वतःच धुवून वाळत घालण्याची इच्छा होते आणि त्यात काही गैर नाही.

रात्री झोपण्यापूर्वी दाराच्या आतल्या बाजूचा नकाशा पाहावा, आणि एकदा बाहेर जाऊन आपल्या खोलीपासून आपत्कालीन जिन्यापर्यंत किती दारे आहेत ती मोजून यावीत. धुरात दिसत नाही, तेव्हा भिंतीला हात लावून मोजलेली दारेच उपयोगी पडतात. आग लागल्यास लिफ्ट वापरायची नसते. दार गरम लागत असेल तर उघडू नये. ओला टॉवेल दाराखालच्या फटीत कोंबून रिसेप्शनला आणि १०१ किंवा ११२ क्रमांकाला खोली क्रमांक सांगावा. इतक्या उंचीवरच्या खिडक्या बहुधा उघडत नाहीत, त्यामुळे हवेसाठी काच फोडण्याच्या फंदात पडू नये.

जेवण आणि भेटायला येणारे

सकाळचा नाश्ता हाच अशा मुक्कामाचा खरा लाभ आहे. भाड्यात धरलेला असेल तर तो साधारण साडेदहापर्यंत मिळतो, हवे तितके वाढून घेता येते, आणि दुपारच्या जेवणाला उशीर होणार असेल तर पोटभर खाऊन निघावे. ताटात एकाच वेळी सगळे घेण्यापेक्षा दोन-तीन फेऱ्या कराव्यात. धोतर-टोपी आणि नऊवारी हा पूर्ण सभ्य पोशाख आहे. रात्रीच्या काही रेस्टॉरंटांत बंद बूट मागतात, तेवढे आधी विचारावे. घरून आणलेल्या पोळ्या आणि ठेचा खोलीत खायला हरकत नसते, रेस्टॉरंटमध्ये मात्र ते काढू नयेत. मोठ्या हॉटेलातील रात्रीचे जेवण महाग असते, त्यावरही १८ टक्के कर असतो, आणि बिलात न विचारता ‘सर्व्हिस चार्ज’ लावलेला असल्यास तो काढायला सांगावा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी अशी सक्ती करू नये असे मार्गदर्शन जारी केले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते वैध ठरवले. हॉटेल ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. बक्षिसी आपल्या खुशीची. सामान उचलणाऱ्याच्या हातावर शंभर रुपये ठेवणे पुरे होते.

मुंबईतील भाचा-पुतण्या भेटायला येणार असेल तर खाली लॉबीत बसावे. खोलीवर नेण्यासाठी त्याचे ओळखपत्र नोंदवावे लागते, आणि तो रात्री थांबल्यास जादा माणसाचे भाडे लागू शकते.

निघताना

खोली बहुधा दुपारी बारापर्यंत सोडावी लागते आणि आपली परतीची गाडी संध्याकाळी किंवा रात्री असते. पुन्हा सामान बेल डेस्कवर ठेवावे आणि वेळ लॉबीत किंवा कामांत घालवावा. बिल मात्र सकाळी नाश्त्याला जातानाच मागून ओळीने वाचावे, कारण बाराच्या सुमारास रांग असते आणि घाईत कोणी प्रश्न विचारत नाही. न घेतलेल्या शीतपेयाची नोंद दिसल्यास तसे स्पष्ट सांगावे. ती ओळ सहसा वाद न घालता काढली जाते. संस्थेच्या लेखापरीक्षणासाठी बिलावर कंपनीचे नाव आणि जीएसटी क्रमांक बरोबर छापला आहे याची खात्री तेथेच करावी, कारण नंतर दुरुस्तीसाठी पांढरकवड्याहून किंवा कारंज्याहून फोन करत बसावे लागते. अनामत सोडल्याची पावती मागावी, आणि सांगितलेल्या मुदतीत रक्कम परत आली नाही तर बँकेच्या शाखेत जाण्याआधी बिल क्रमांक आणि त्या पावतीचा फोटो जोडून हॉटेलच्या लेखा विभागाला ई-मेल करावा.