आरएक्स १०० घरी उभी करताना: आधी हवा, मग रंग

रंग, क्रोम, स्टिकर सगळं झकास झालेली यामाहाची जुनी आरएक्स १०० मोटरसायकल दोन महिन्यांत जॅम होते, आणि शिव्या पिस्टनला बसतात. बहुतेक वेळा खरा चोर असतो क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या) टोकाचं किरकोळ किमतीचं ऑईल सील, म्हणजे हवा-तेल अडवणारी रबरी कडी. एस्कॉर्ट्सने ही गाडी १९८५ ते १९९६ या काळात बनवली. म्हणजे सगळ्यात तरुण गाडीही आज तिशीच्या घरात आहे, आणि तीस वर्षांचं रबर हे रबर राहिलेलं नसतं. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकच्या पेटीत, दाबलं जातं, म्हणून क्रँककेस हवाबंद असणं इथे अर्धं इंजिन आहे. कुठूनही फुकटची हवा आत आली की मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि ब्लॉकला (तो ज्यात चालतो त्या सिलिंडरला) धरतो.

गाडी घ्यायच्या आधी कागद बघा. चॅसी नंबर आणि इंजिन नंबर आरसीवर आहेत तसेच, अक्षर न अक्षर हवेत. पंधरा वर्षं उलटली की नोंदणीचं नूतनीकरण लागतं, ते पाच वर्षांसाठी मिळतं, शिवाय ग्रीन टॅक्स. खाडाखोड केलेल्या नंबराची गाडी फुकट मिळाली तरी महागच पडते.

उघडताना घाई नको. प्रत्येक भागाचे फोटो, प्रत्येक भागाच्या बोल्टची वेगळी पिशवी, पिशवीवर चिठ्ठी. क्लच कव्हर आणि मॅग्नेट कव्हरचे जपानी स्क्रू साध्या फुलीच्या ड्रायव्हरने गोल होतात. हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या, तो पहिल्याच दिवशी वसूल होतो. मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं वीज तयार करणारं चाक) काढायला पुलरच, म्हणजे ओढून काढायचं हत्यारच, हवा. बाजूने स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटलं की क्रँकचं टोक वाकतं.

आता मोजणी. बोअर (ब्लॉकच्या भोकाचा व्यास) ५० मिमी, स्ट्रोकही (पिस्टनची वर-खाली चाल) ५० मिमी, त्यातून ९८ सीसी. बोअर मारून ब्लॉक आधी किती मोठा केलाय हे पिस्टनच्या डोक्यावर लिहिलेलं असतं: ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० मिमी. शेवटचा साइज आधीच बसलेला असेल तर ब्लॉकला नवी स्लीव्ह (आतली नळी) मारावी लागेल, हा खर्च व्यवहार ठरवतानाच धरा. बोअर मारायला देताना नवा पिस्टन आधी विकत घेऊन ब्लॉकसोबत द्या. लेथवाल्याने पिस्टन मोजून त्याला बोअर जुळवायचा असतो. पिस्टन आणि ब्लॉकमधली मोकळीक किती ठेवायची ते पिस्टन बनवणारा कागदावर देतो, तो कागद कारागिराच्या हातात ठेवा. तोंडी 'नेहमीसारखा मार' म्हणू नका. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्यात नाना पेठेच्या आसपास असं काम रोज करणारे आहेत.

ब्लॉक परत आला की बोट आत घालून पोर्टच्या (मिश्रण आणि धूर जायच्या खिडक्यांच्या) कडा चाचपा. बोअर मारल्यावर त्या कडा धारदार होतात. त्यांना बारीक तिरका उतार दिला नाही तर रिंग पोर्टमध्ये अडकते आणि तुटते. कितीतरी 'खराब निघालेले' पिस्टन खरं तर याच कारणाने गेलेले असतात. मग ब्लॉक गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने धुवा, पांढरं फडकं फिरवल्यावर पांढरंच निघेपर्यंत. नुसत्या पेट्रोलने होनिंगची (बोअर घासल्याची) पूड निघत नाही. धुवून लगेच टू-टी म्हणजे टू-स्ट्रोक ऑईलचा हात फिरवा, नाहीतर तासाभरात गंज धरतो.

पिस्टन बसवताना डोक्यावरचा बाण सायलेन्सरकडे. रिंगची दोन्ही टोकं खाचेतल्या पिनेच्या दोन बाजूंना यायला हवीत, पिनेवर नव्हे. पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या गजन पिनच्या सर्क्लिप (पिन अडवणाऱ्या तारेच्या कड्या) दर वेळी नव्या. जुनी सर्क्लिप सुटली तर ब्लॉकला नांगरल्यासारखी रेघ पडते.

कनेक्टिंग रॉड हातात धरून सरळ वर-खाली ओढा. इथे जरासुद्धा 'टक' नको. बाजूला डुलणं वेगळं: वरचं टोक थोडं हलतंच, ते २ मिमीच्या आत असेल तर ठीक. टक लागली तर क्रँक दाबून नवा रॉड आणि पिन बसवणं हे प्रेस असलेल्याच कारागिराचं काम. नंतर क्रँक सेंटरवर फिरवून डायल (वाकडेपणा मोजायचं घड्याळ) लावायला सांगा, काटा ०.०३ मिमीपेक्षा जास्त हलला तर गाडी हँडलला झिणझिण्या आणते. बेअरिंग घेताना जुन्यावरचा नंबर आणि पुढची सी-३, सी-४ अशी (आतल्या मोकळिकीची) खूण तशीच्या तशी जुळवा. क्रँककेसचे दोन भाग जोडताना बाँडचा (गळती रोखायच्या लेपाचा) पातळ थर पुरे, जाड थर दिला की तो आत पिळून सुटतो. दोन्ही ऑईल सील नवी, ओठांना तेल लावून, सपाट सॉकेटने सरळ दाबून बसवा.

इंजिन जोडल्यावर, चॅसीत चढवण्याआधी, हवा तपासा. यंत्र घरगुती आहे: रक्तदाब मोजायच्या डायलवाल्या जुन्या मशीनचा फुगा आणि घड्याळ. कार्ब्युरेटर काढा. इनटेकच्या रबरात लाकडाची गुल्ली बसवा, तिला भोक पाडून नळीचं तोंड चिकटवा आणि क्लिपने आवळा. सायलेन्सरच्या तोंडाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा आडवा देऊन पाइप परत आवळा, म्हणजे तो मार्ग बंद. ऑईल पंपाची बारीक नळी इनटेकच्या बाजूला येत असेल तर तिचंही तोंड दाबा. प्लग लावलेला असू द्या. आता काटा २५० ते ३०० वर येईपर्यंत हवा भरा, त्याहून जास्त नको. पाच मिनिटांत काटा ५० हून जास्त उतरला तर गळती आहे. बेस पॅकिंग, हेड, रीड व्हॉल्व्ह (मिश्रण फक्त आत सोडणारी पाकळ्यांची झडप), क्रँककेसचा जोड यांवर साबणाचं पाणी ब्रशने लावा. बुडबुडा जागा दाखवतो. मॅग्नेट काढून ठेवला असेल तर तिकडचं सीलही असंच दिसतं. क्लच बाजूचं सील दिसत नाही. त्यासाठी गिअर ऑईल भरायच्या भोकावर लहान मुलांचा फुगा ताणून बसवा आणि ब्रीदरची (गिअरबॉक्सची हवा बाहेर सोडायची) नळी चिमट्याने बंद करा. फुगा हळूहळू फुगू लागला तर सील गेलंय. चालत्या गाडीत हेच सील गिअर ऑईल आत ओढतं, ऑईल कमी होत जातं आणि धूर थांबत नाही.

रीडच्या पाकळ्या उजेडाकडे धरून बघा. टोकाशी केसाएवढी फट चालते, तुटलेला कोपरा चालत नाही.

कार्ब्युरेटर उघडून जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे तुकडे) काढा आणि क्लीनर व हवेने साफ करा, तारेने नाही. भोक मोठं झालं तर जेट फेकूनच द्यायचा. एअर स्क्रू पूर्ण आवळून दीड आटे मागे घ्या, तिथून सुरुवात करा. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि त्या काळचं रबर त्यात फुगतं. पेट्रोल पाइप, कॉकची पॅकिंग, फ्लोटची सुई नवीन घ्या, तेही इथेनॉल चालणारं विचारून. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करा.

टाकीतल्या गंजासाठी पांढरं व्हिनेगर काठोकाठ भरून दोन दिवस ठेवा, मधूनमधून मूठभर जुने नट आत टाकून हलवा. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, ताबडतोब वाळवून, थोडं टू-टी ऑईल फिरवा. गळक्या टाकीला घरी वेल्डिंग अजिबात नको. 'रिकामी' टाकी पेट्रोलच्या वाफेने भरलेली असते.

वायरिंगमध्ये निम्मे रोग अर्थचे असतात. चॅसीला रंग दिल्यावर अर्थच्या बोल्टखालचा रंग खरवडायला लोक विसरतात, आणि मग नवं सीडीआय (प्लगला ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) आणतात.

रंगाचं एवढंच सांगणं. पावडर कोटिंगला देताना स्टीअरिंगच्या वाट्या, इंजिन बसायच्या जागा आणि आटे झाकायला लावा. चॅसी नंबरवर पुट्टी किंवा जाड थर बसू देऊ नका, आरटीओत तो वाचता आलाच पाहिजे. रंग बदलला तर आरसीवर नोंद. जुना मडगार्ड जाड पत्र्याचा असेल तर पोचे काढून पुन्हा क्रोम करा, बाजारातला नवा मडगार्ड बोटाने दबतो. तीच गोष्ट साइड पॅनल आणि लिव्हरची: मूळ माल मापात असेल तर ठेवाच. आवाजासाठी सायलेन्सरचा बफल (आवाज दाबणारी आतली नळी) मात्र काढू नका. काजळीने तुंबला असेल तर बाहेर काढून जाळून साफ करा.

गिअर ऑईल साधारण ६५० मिली. ऑईल पंपावर लगेच विश्वास नको: पंपाच्या हवा काढायच्या स्क्रूतून बुडबुडे थांबेपर्यंत ऑईल वाहू द्या आणि पहिल्या टाकीला दर लिटरला २० मिली टू-टी ऑईल पेट्रोलमध्येही मिसळा. ऑईल टाकीवर मार्करने रेघ मारा. टाकीभर पेट्रोल संपेपर्यंत पातळी उतरली नाही तर पंप चालत नाही, आणि मिसळणं थांबवायचं नाही.

पहिल्यांदा सुरू करून चार-पाच मिनिटांत बंद करा, पूर्ण गार होऊ द्या. असं तीन वेळा. गार इंजिनावर हेडचे नट फुलीच्या क्रमाने पुन्हा तपासा. पहिले ५०० किमी ४५ च्या आसपास, पण एकाच वेगात रेटत नाही. या काळात थ्रॉटल सोडल्यावर रेस खाली न येता वरच लटकत असेल, किंवा प्लग तपकिरीऐवजी पांढरा निघत असेल, तर जेट बदलत बसू नका. कार्ब्युरेटर काढा, गुल्ली लावा, फुगा दाबा.