गळती पावसाची, करणी उन्हाची

अकोल्यातलं आमचं घर १९९८ सालचं. एका वर्षी पहिल्याच पावसात स्लॅब ठिबकला आणि आम्ही पावसाला बोल लावला. पण गच्चीवर नीट पाहिलं तर मागच्या वेळी मारलेला डांबराचा थर वाळल्या पापडासारखा तडकलेला. काळा रंग ऊन पितो, अतिनील किरणांनी डांबर कडक होऊन फुटतं. शिवाय ४५ अंशांत स्लॅब दिवसा फुगतो, रात्री आकसतो. त्यामुळे कठड्याच्या सांध्यात बोट जाईल एवढी फट.

पुढच्या एप्रिलमध्ये डांबर खरवडून काढलं. (दोन दिवस, आणि पाठीचं जे झालं ते झालंच.) भेगा छिन्नीनं रुंद करून, धूळ झाडून पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटनं भरल्या. कठड्याच्या कोपऱ्यात गोलाई दिली. त्यावर पांढऱ्या अ‍ॅक्रिलिक कोटिंगचे दोन हात.

पहिला हात मी भरदुपारी मारला, ही चूक. तापल्या स्लॅबवर तो लगेच सुकला आणि पोपडे धरले. पुन्हा घासून संध्याकाळी मारला, तो टिकला.

यंदा गळती नाही. वरच्या खोलीत रात्री छत पूर्वीसारखं भट्टीगत तापलेलं नसतं. आता पांढऱ्यावर धूळ बसते, म्हणून होळीनंतर एकदा गच्ची धुतो.