पेशंटची तब्येत मोबाइलवर विचारताय? या चुका टाळा

नागपुरात दाखवायला गडचिरोली, गोंदिया, बालाघाट, छिंदवाड्याहून माणसं येतात. एका फेरीत दिवसाची मजुरी बुडते. म्हणून दुखणं किती, झोप लागते का, जिना चढवतो का, हे घरबसल्या मोबाइलवर विचारलं तर त्यांचे कष्ट वाचतात.

पण बऱ्याच ठिकाणी उत्तरं गोळा होतात आणि वाचत कोणीच नाही. ही सगळ्यात मोठी चूक. अमेरिकेतल्या ७६६ कॅन्सर पेशंटच्या अभ्यासात (२०१७) ऑनलाइन त्रास नोंदवणाऱ्यांपैकी कोणाचा त्रास वाढला की नर्सला लगेच ईमेल जायचा. त्या गटातले निम्मे पेशंट ३१.२ महिन्यांहून जास्त जगले, नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांतले निम्मे २६ महिन्यांहून. तेव्हा ॲप घेण्याआधी ठरवा: रविवारी रात्री आलेलं उत्तर कोण बघणार? नैराश्याच्या पीएचक्यू-९ प्रश्नावलीत नववा प्रश्न जीव द्यावासा वाटण्याबद्दल आहे. त्याचं उत्तर सोमवारपर्यंत पडून राहता कामा नये. बघायला माणूसच नसेल, तर तो प्रश्न मोबाइलवर पाठवू नका, समोर बसवून विचारा.

सगळी उत्तरं ‘ठीक’ येताहेत? फोन कोणाचा आहे ते तपासा. गुडघ्याचं ऑपरेशन आईचं, लिंक जाते हिंगणा एमआयडीसीत पाळीवर असलेल्या मुलाला, आणि तो चहाच्या सुट्टीत भराभर बटणं दाबतो. नाव नोंदवतानाच फोन कोणाचा आणि तो घरी कधी असतो हे विचारून घ्या. ‘उत्तरं कोणी भरली?’ हा प्रश्नही ठेवा. वाचता येत नसेल तर सरळ फोन करा.

विदर्भात सिकलसेलचे (रक्ताचा आनुवंशिक आजार) पेशंट पुष्कळ. त्यांच्यातल्या कित्येकांना रोजचंच थोडंफार दुखणं असतं, त्यामुळे दुखणं दहापैकी चार हा आकडा एकाला नेहमीचा, दुसऱ्याला धोक्याचा. ज्याची त्याची आधीची नोंद शेजारी दिसली पाहिजे. आणि या आजाराच्या जोरदार कळा सुरू झाल्यावर तीस प्रश्न कोण भरेल? तिथे एकच प्रश्न आणि फोन लावायचं बटण पुरे.

प्रश्नावलीचं भाषांतर मशीनकडून करून घेऊ नका. कॅन्सर पेशंटच्या तब्येतीबद्दलच्या ईओआरटीसी क्यूएलक्यू-सी३० या प्रश्नावलीची तपासलेली मराठी आवृत्ती आहे, ती परवानगी घेऊन वापरा. त्यातले शब्द मनाने बदलले तर गुणांची तुलना करता येत नाही.

उत्तरांचे स्क्रीनशॉट स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची सवय आजच बंद करा. माहिती कशाला घेतोय आणि कोण बघणार, हे पेशंटला त्याच्या भाषेत सांगून, त्याचा होकार घेऊनच पहिली लिंक पाठवा.