हातात पैसे असतात त्याच दिवशी पोरांचं ठरवून टाका

विड्यांच्या मजुरीचा हिशेब मिळाला की कर्नाटकच्या सीमाभागातल्या आमच्या निपाणीतल्या बायका पैशाचे तीन भाग करतात. दुकानदाराची उधारी, फायनान्सचा हप्ता आणि उरेल ते घर. पोरांचा वेगळा भाग कुणी काढत नाही, तो घरातच धरलेला असतो. आणि घराला काय उरतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी अंगणवाडी सेविका. माझी आई विड्या वळायची. त्यामुळं हा हिशेब मी दोन्हीकडून बघितलाय. माझं सांगणं एवढंच की पोरांचे निर्णय तंगीच्या दिवसासाठी ठेवू नका, पैसे हातात असतात त्याच दिवशी ते करून टाका.

ह्यात कुणाची अक्कल काढायची नाही. तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांचा एक अभ्यास 2013 साली छापून आला. उसाचे पैसे मिळायच्या आधी आणि मिळाल्यानंतर त्याच माणसांना डोकं चालवायच्या चाचण्या दिल्या होत्या. पैसे यायच्या आधी तीच माणसं कमी पडली. देण्याघेण्याची काळजी डोक्यात असली की बाकीच्याला जागाच उरत नाही. आमच्या अथणी-चिकोडीकडं उसाच्या बिलाची वाट बघणाऱ्या कुठल्याही घरात जाऊन विचारा.

सगळ्यात आधी दोन वर्षांखालचं पोर. पोटात असल्यापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंत साधारण हजार दिवस होतात. मेंदू आणि उंची दोन्हीचा पाया त्याच काळात पडतो, आणि तेव्हाची उपासमार पुढं भरून काढणं फार अवघड जातं. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नको. सातव्या महिन्यापासून घोटाळा सुरू होतो. आपल्याकडं बाळाला डाळीचं पाणी देतात. वरची निवळी वाटीत येते आणि खालची डाळ बापाच्या ताटात जाते. त्या पाण्यानं पोट भरतं, अंग धरत नाही. घट्ट डाळीत भाकरी चांगली कुस्करा, वर चमचाभर तेल सोडा. चमचा तिरका केला तर घास ओघळून पडता कामा नये, एवढा घट्ट हवा. बाळाचं पोट मुठीएवढं, म्हणून थोड्या घासात जास्त ताकद जायला पाहिजे. त्यासाठीच ते तेल. शेंगदाण्याचं कूट अगदी बारीक करून घाला, अख्खा दाणा देऊ नका, घशात अडकतो. जमेल तेव्हा अंडं.

ही डाळ, दाणे आणि तेल हिशेबाच्याच दिवशी वेगळ्या डब्यात भरा, आणि हा बाळाचा डबा आहे हे घरात सगळ्यांसमोर सांगा. पाहुणे आले, आठवडा संपत आला, तरी त्याला हात लावायचा नाही. हे न सांगता केलं तर सुनेनं खाणं लपवलं असा बोभाटा होतो, म्हणून आधी सासूबाईंना विश्वासात घ्या. राज्य सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे 2000 रुपये घरातल्या कर्त्या बाईच्याच खात्यावर येतात. त्यातला डब्याचा वाटा आधी काढा, हप्ता नंतर.

दर महिन्याला वजन करायला आणा. तायी कार्ड, म्हणजे आई-बाळाच्या तब्येतीच्या नोंदीचं कार्ड, ट्रंकेत ठेवून उपयोग नाही, त्यावरची वजनाची रेघ वर चाललीय का ते बघायचं असतं. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या पोराच्या दंडाला पट्टी लावून 11.5 सेंटिमीटरच्या खाली माप आलं, तर थेट दवाखाना. "आमची पोरं अशीच वाढली," हे मला बहुतेक घरांत ऐकायला मिळतं. मी वाद घालत नाही, पट्टी आजीच्याच हातात देते. पोराला दाखल करायचं म्हटलं तर आईला तिथं राहावं लागतं आणि तेवढी मजुरी बुडते. नकार येतो तो त्यामुळंच, अडाणीपणामुळं नव्हे. म्हणून मोठं पोर कुणाकडं राहील, घरी भाकरी कोण करील, हे आधी ठरवा आणि मगच निघा.

विड्या वळणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. तंबाखूचं सूप मांडीवर आणि पोर शेजारी, असं बसू नका. पाजायच्या आधी हात साबणानं धुवा. कितीही घाई असली तरी.

ज्याला पैसा लागत नाही असं एक काम आहे, आणि तेच सगळ्यांत मागं पडतं. जमैकात 1980 च्या दशकात खुरटलेल्या पोरांच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर बाई पाठवली. ती आईला बाळाशी बोलायला-खेळायला शिकवायची, दोन वर्षं. वीस वर्षांनी त्या पोरांची कमाई तसल्याच इतर पोरांपेक्षा सुमारे 25 टक्के जास्त निघाली. विड्या वळताना हात गुंतलेले असतात, तोंड मोकळं असतं. गल्लीतनं कोण चाललंय ते सांगा, पोर काही बडबडलं तर त्याला उत्तर द्या. काडेपेटीचं रिकामं खोकं, झाकणं, चिंध्यांचा चेंडू, एवढ्यावर भागतं. मोबाइल हातात दिला की पोर गप्प बसतं, मान्य. पण ते तुमच्याशी बोलत नाही.

आता शाळा. सीमाभागात शाळेचं माध्यम म्हटलं की लोक मोर्च्याच्या गोष्टी काढतात, घरात मात्र प्रश्न फीचाच असतो. फी, रिक्षा, गणवेश, शिकवणी असा वर्षाचा खर्च कागदावर मांडा. फायनान्स न काढता झेपत नसेल तर एलकेजीसाठी कर्ज काढू नका. सरकारी मराठी शाळेत दुपारचं जेवण आहे, दूध आहे. पोरगा इंग्रजीला आणि पोरगी सरकारीला, हा निर्णय तर मला अजिबात पटत नाही. सातवी झाली की तिच्या हातात विड्या वळायचं सूप येतं आणि मग स्थळं येतात. कर्नाटकात 2016 च्या दुरुस्तीनंतर अठराच्या आतलं पोरीचं लग्न मुळातच रद्द धरलं जातं. कुणी जबरदस्ती करत असेल तर 1098 ला फोन करा.

हप्त्यासाठी कुणी दारात येऊन दमदाटी केली तर तो गुन्हा आहे; 2025 च्या फेब्रुवारीत राज्यानं तसा वटहुकूम काढला आणि पुढं त्याचा कायदा झाला. परवाना असलेल्या फायनान्सचं कर्ज त्यानं माफ होत नाही, पण पोरीची शाळा सोडवून हप्ता भरायची वेळ आली असं समजू नका.

विडी कामगाराचं ओळखपत्र असेल तर पोरांना पहिलीपासून केंद्राच्या कामगार खात्याची शिष्यवृत्ती मिळू शकते. पोराचं खातं आधारला जोडलेलं हवं. उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतनं, म्हणजे महसूल खात्याच्या जवळच्या कचेरीतनं, काढावा लागतो, तो मे महिन्यातच काढा, जूनमध्ये रांग लागते. कागद कन्नडमध्ये असतो, म्हणून घरातलं शाळेत जाणारं पोर सोबत न्या आणि नाव, आडनाव, आईचं नाव तिथंच वाचून घ्या. चूक निघाली तर खिडकी सोडायच्या आधी सांगायची.